वजनकाट्याच्या खिडकीतला बुटका

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.२०

आजपासून नोंद ठेवायची.

शुक्रवारी कौन्सिलच्या हॉलमध्ये 'लहरी सहकाऱ्यांशी कसे वागावे' असा दिवसभराचा कोर्स झाला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, सहकाऱ्यांचे मूड रोज तारखेनिशी लिहा, दोन महिन्यांत नमुना आपोआप दिसायला लागतो. बाकीचे पेंगत होते. मी लिहून घेतलं. वही फक्त माझ्यासाठी. जॅनिसलाही दाखवायची नाही. बायकोला ऑफिसच्या भानगडीत ओढू नये.

परिस्थिती अशी. मी ग्लेन हॅलोरन, वय पंचावन्न, गावाच्या कचरा डेपोचा हंगामी सुपरवायझर. म्हातारा मर्व रिटायर झाल्यापासून अकरा महिने हंगामी. कायम जागेची जाहिरात याच महिन्यात निघणार. डेपो मी उत्तम चालवतो. अडचण एकच. हाताखालची तिन्ही माणसं मूडी आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळ

पहिल्या नोंदी.

नोलीन. वय एकसष्ट. वजनकाट्यावर बसते, येणारी प्रत्येक गाडी तिच्या खिडकीखाली थांबते. मी ७.१० ला पोचलो तेव्हा फोनवर होती. मला बघताच फोन खाली ठेवला. "मॉर्निंग, ग्लेन." बस, एवढंच.

तेविता. टोंगाचा. दाराएवढा माणूस, लोडर चालवतो. मी फाटकात शिरलो तेव्हा चर्चमधलं कुठलंसं गाणं खणखणीत म्हणत होता. वजनकाट्याकडे बघितलं आणि गाणं बंद. दिवसभर मान खाली.

ब्रॉनविन. लोकांनी टाकलेल्या सामानातलं बरं ते निवडून आमच्या डेपोच्या दुकानात विकते. मला बघून मागच्या कंटेनरमध्ये गेली आणि दीड तास चमचे वेगळे करत बसली. चमचे!

मी मात्र कायम एकसारखा. आज दिवसभरात फक्त दोनदा आवाज चढवला, आणि दोन्ही वेळा चूक समोरच्याची होती. दार आपटलं ते वाऱ्याने.

किरकोळ: नोलीनच्या खिडकीबाहेर फळीवर सिमेंटचा एक बुटका असतो. लोक बागेत ठेवतात तसला, लाल टोपी, हातात मासे पकडायचा गळ. कुणीतरी टाकून दिलेला, तिने उचलून ठेवला. त्याचं तोंड फाटकाकडे असायला हवं, आज भिंतीकडे होतं. सरळ केला. शिस्त अशा बारक्या गोष्टींतून दिसते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रात्री वारा सुटला, गार झालं. सलग आठ तास झोप. जॅनिसने बेकन आणि अंडी केली.

आज टीमचा मूड एकदम झकास. मी पाच मिनिटं आधीच पोचलो, नोलीन ७.०५ ला पुन्हा फोनवर (हे रोजचंच दिसतंय, लक्ष ठेवायला हवं), पण हसत होती. तेविता माझ्यासमोरही गात राहिला. ब्रॉनविनने घरचे लॅमिंग्टन केक आणले, मी तीन खाल्ले. बुटका सरळ.

काल मी एक नजर टाकली होती, त्याचा परिणाम असणार. नेतृत्व म्हणतात ते हेच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

४१ डिग्री. इथला फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा. माश्या. पंख्याने पहाटे तीनला मान टाकली, मग झोप कुठली.

बुटका भिंतीकडे. टीम पुन्हा मूडमध्ये. परवा लॅमिंग्टन, आज तोंडं लांब. अशी माणसं मी कशी सांभाळायची? मी काय हवामान खातं आहे?

उपाय काढला आहे. फ्रिजच्या दारावर तक्ता लावायचा. हिरवा रकाना, पिवळा, लाल. प्रत्येकाने आल्याआल्या आपलं मॅग्नेट आपल्या मूडच्या रकान्यात लावायचं. म्हणजे आज कुणाशी जपून वागायचं ते आधीच कळेल. ही कल्पना कोर्समधली नाही, माझी स्वतःची. मला मॅग्नेट नाही, सुपरवायझरला गरज नसते.

ब्रॉनविनने तक्ता नीट वाचला आणि म्हणाली, कल्पना चांगली आहे, इथे असं काहीतरी असायलाच हवं होतं. नोलीनला का कोण जाणे खोकला आला.

सोमवार, १० फेब्रुवारी

झोप नाही. पाचला उठून गॅरेज झाडलं. मग गाडी धुतली. जॅनिस म्हणाली, गाडी तू कालच धुतली होतीस. त्यावर तिला काय सांगायचं ते सांगितलं.

बुटका भिंतीकडे. मी दरवेळी सरळ करतो, हा पुन्हा वळतो. ट्रक गेले की फळी हादरते, त्याने फिरत असावा.

कोर्सच्या फायलीत नियम क्रमांक चार: मनमोकळं, थेट विचारा. म्हणून तेविताच्या लोडरवर चढून बसलो आणि थेट विचारलं, बाबा, तुझ्या मूडचं काय आहे? त्याने लोडरचं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, माझा मूड तसा चांगलाच असतो, ग्लेन. सकाळी सात दहापर्यंत तर अगदी उत्तम.

महत्त्वाचा धागा. तेविताचा मूड ७.१० ला बिघडतो. बहुधा पोटात काही नसतं. उद्यापासून बिस्किटं न्यायची.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बिस्किटांचा उपयोग नाही. पुडा मीच संपवला.

रात्रभर विचार केला. असली माणसं माझ्याच नशिबी का? धान्याच्या कोठारावर होतो तिथे सगळे विचित्र, माझ्याशी कुणी धड बोलायचं नाही. शेवटी मीच सोडलं (म्हणजे त्यांनी सुचवलं आणि मी मान्य केलं). मग मटणाचा कारखाना. तिथेही तेच, फोरमन तर इतका हळवा की एका बादलीवरून वाढवून वाढवून केवढं केलं. बादली त्याला लागलीसुद्धा नव्हती. आणि आता इथे. लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, म्हणतात ते खोटं नाही.

या वेळी मात्र नोकरी सोडायची नाही. पंचावन्न वय. या गावात चौथी जागा नाही. कायम झालो की जॅनिसला सांगेन, बघ, म्हणत होतो ना, दोष माझ्यात नव्हता.

आज एक शोध लागला. दहाला सगळे स्मोकोला, म्हणजे मधल्या सुट्टीला, नोलीनच्या खोलीत जमतात, चहा घेतात. मी आत शिरलो की गप्प. म्हणजे एकत्र जमल्यामुळे मूड बिघडतात. उद्यापासून स्मोको तीन पाळ्यांत. तेविता ९.४०, नोलीन १०.२०, ब्रॉनविन ११. नोटीस लावली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

स्मोकोचा प्रयोग मागे घेतला.

काल कुणी काही बोललं नाही. तेवढ्यावर मी खूश होतो. आज ठोक्याला दहा वाजता तेविताने लोडर फाटकात आडवा लावला, चावी काढली आणि खाली उतरून हात पुसत नोलीनच्या खोलीकडे चालायला लागला. मागे अकरा गाड्या. मला वाटलं आता बोंबाबोंब होणार. तर ड्रायव्हरही एकेक करत उतरले आणि त्याच्या मागोमाग चहाला गेले. कुणीतरी केक काढला. मी उन्हात एकटा, हातात पाळ्यांचा कागद.

शेवटच्या गाडीचा म्हातारा माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "पोरा, एखाद्याची बायको पळव, तो एक वेळ माफ करेल. त्याच्या स्मोकोला हात लावू नकोस."

तरी प्रयोग वाया गेला असं म्हणणार नाही. टीम किती दिवसांनी एकत्र आली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

जाहिरात आली. सुपरवायझर, कायम. अर्ज लगेच भरला. मुलाखत १३ मार्चला, त्याआधी कौन्सिलमधून फेलिसिटी नावाची बाई डेपोवर येऊन वातावरण बघून जाणार. वातावरण! या तिघांच्या हातात माझं भवितव्य.

तिघांना बोलावून सांगितलं, महिनाभर तरी मूड घरी ठेवून या. तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

नोलीनने जाताना माझं पेन मागितलं, काहीतरी फॉर्म भरायचा होता. दिलं. वर शुभेच्छाही दिल्या. मदतीच्या बाबतीत मी मागे नसतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मॅग्नेट तक्त्याचा दोन आठवड्यांचा निकाल: तिघंही रोज हिरव्यात. एकही दिवस पिवळा नाही. धादांत खोटेपणा. हिरव्यातली माणसं कंटेनरमध्ये चमचे निवडत बसतात का?

आज लाल रकान्यात एक जादा मॅग्नेट दिसलं, मगरीचं. कुणाचं विचारलं. ब्रॉनविन म्हणाली, ते कुणाचं नाही, असंच दिसायला बरं दिसतं. काढून कचऱ्यात टाकलं. दुपारी पुन्हा तिथेच. ही बाई कचऱ्यातून काहीही परत आणते.

रागावलो नाही. खुर्ची फक्त सरकवली. ती आधीच मोडकी होती.

बुधवार, २६ फेब्रुवारी

रजा. दाढ काढायची होती. जाताना डेपोवरून गेलो, गाडी हळू केली. बुटका फाटकाकडे तोंड करून ऐटीत उभा. तिघंही खोलीबाहेर टाकाऊ सोफ्यावर बसून हसत होते. तेविता तर डोळे पुसत होता हसून.

मी नसताना मूड चांगले. म्हणजे देखरेख नसली की ही माणसं सैल सुटतात. नोंद करून ठेवली, मुलाखतीत उपयोगी पडेल.

दाढेपेक्षा त्या हसण्यानेच जास्त ठणकलं. का ते कळलं नाही. घरी आल्यावर आत-बाहेर, आत-बाहेर करत होतो. जॅनिस म्हणाली, बस जरा. बसलो. दोन मिनिटांनी पुन्हा उठलो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बुटका भिंतीकडे. आता बास.

दुपारी हार्डवेअरच्या दुकानातून बांधकामाचा गोंद आणला, सिमेंट लाकडालाही कायमचं चिकटवतो तो. फळी घासली, गोंद लावला, बुटका फाटकाकडे तोंड करून ठेवला आणि दहा मिनिटं दाबून धरला. नोलीन आतून बघत होती. म्हणाली, "ग्लेन, हे करायलाच हवं का?" मी म्हटलं, मला स्थिरता आवडते.

डावा अंगठा अजून सुन्न आहे.

सोमवार, ३ मार्च

पुन्हा झोप नाही. फेलिसिटी परवा येणार. पहाटे गॅरेजमधले स्क्रू लांबीप्रमाणे लावले. जॅनिस स्वयंपाकघरात उभी राहून माझ्याकडे बघत होती, फोन हातात. विचारलं, सकाळी सकाळी कुणाला? म्हणाली, मैत्रिणीला.

डेपोवर: बुटका हलला नाही. गोंद पक्का. पण त्याच्या डोक्यावर दह्याचा रिकामा डबा उपडा घातलेला, पार गळ्यापर्यंत.

नोलीनला विचारलं. म्हणाली, ऊन फार आहे, रंग उडतो.

पटलं. काढून टाकला नाही. मी काही हट्टी माणूस नाही.

बुधवार, ५ मार्च

फेलिसिटी येऊन गेली. बूट स्वच्छ, हातात फाइल.

एकूण छान झालं. डबा मात्र आजही बुटक्याच्या डोक्यावर होता, ढग असूनही. तिने विचारलंच. नोलीन पटकन म्हणाली, स्थानिक पद्धत आहे.

एक छोटा प्रसंग. एक माणूस धातूच्या ढिगात झाडाच्या फांद्या टाकत होता. मी त्याला समजावत असताना माझी टोपी वाऱ्याने उडून खड्ड्यात पडली. फेलिसिटीने विचारलं, "तुम्ही ती फेकलीत ना?" मी खुलासा केला, की इथला वारा असाच आहे. तेविताने लोडरचं फावडं हळूच खड्ड्यात उतरवलं आणि इतक्या मोठ्या फावड्यातून ती एवढीशी टोपी वर काढून माझ्यापुढे धरली. पत्रा कुरकुरला, इतकंच. हसला नाही. फेलिसिटीने काहीतरी लिहून घेतलं.

तेवढ्यात ब्रॉनविन तिला दुकान दाखवायला घेऊन गेली आणि नोलीनने माझ्या हातात चहा दिला. म्हणाली, मागे बाकावर बसून पी, घाई नाही, इथलं आम्ही बघतो. आज तिघंही अगदी समजूतदार वागले. वेळ आली की यांचे मूड बरोबर ताळ्यावर येतात.

सोमवार, १० मार्च

जोडून सुट्ट्या. तीन दिवस अख्खं गाव आपापली गॅरेजं उपसून आमच्या दारात. सोफे, गाद्या, गाद्या, गाद्या. तिन्ही दिवस डबा.

गुरुवारच्या मुलाखतीची तयारी करता करता आरशातली स्वतःची उत्तरं आवडली. शांत, ठाम. जॅनिसला म्हटलं, मला प्रश्न विचार. तिने विचारलं, तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता? मी म्हटलं, असले प्रश्न विचारत नाहीत. म्हणाली, विचारले तर? मी म्हटलं, विचारत नाहीत म्हणून सांगितलं ना! ती उठून कपडे वाळत घालायला गेली.

तीसुद्धा हल्ली जरा मूडीच झाली आहे.

गुरुवार, १३ मार्च

मुलाखत. उत्कृष्ट.

प्रश्न: एखादा सहकारी लहरी असेल तर तुम्ही काय करता? उदाहरण द्या. मनात म्हटलं, घ्या. अकरा मिनिटं बोललो. तक्ता, पाळ्या, गोंद, सगळं. तिघांची नावं घेतली नाहीत, तेवढी सभ्यता आहे माझ्यात. पॅनेलमधल्या एकाने मधेच घड्याळ बघितलं तेव्हा आवाज थोडा वाढवावा लागला.

नोलीन आज अर्धा दिवस रजेवर होती. दात दाखवायला गेली म्हणे. दात दाखवायला मोत्याची कानातली कशाला?

गुरुवार, २० मार्च. दुपारी २.१५

गाडीत बसून लिहितो आहे.

फेलिसिटीचा फोन आला. जागा नोलीनला.

मी म्हटलं, कुठली नोलीन?

पुढे ती बरंच बोलली. मी पूर्वीच्या कामावर, म्हणजे आवारातल्या देखरेखीवर, राहू शकतो. टीमचं त्याबद्दल एकमत आहे. लहरी सहकाऱ्याच्या प्रश्नावर माझं उत्तर सविस्तर होतं, पण दुसऱ्या उमेदवाराने अगदी साधं उदाहरण दिलं. त्यांच्याकडे एका सहकाऱ्याचा दिवस वाईट असला की खिडकीतली एक मूर्ती भिंतीकडे वळवतात. ती बघून बाकीचे त्या दिवशी त्याच्या वाटेला जात नाहीत, उलट बोलत नाहीत, अवघड गिऱ्हाइकं त्याच्यापर्यंत पोचू देत नाहीत. त्या माणसाला पाच वर्षांत कधी कमीपणा वाटू दिला नाही. पॅनेलला ते फार आवडलं.

मी म्हटलं, हो, पद्धत चांगली आहे. आणि मनात म्हटलं, तेविताच असणार.

त्याच दिवशी, ४.४०

ही वही मागे उलटून पाहिली. नमुना आपोआप दिसायला लागतो, असं बाई म्हणाल्या होत्या.

३ फेब्रुवारी, भिंतीकडे. दार. ४ फेब्रुवारी, सरळ. बेकन. ६, भिंतीकडे, पंखा. १०, भिंतीकडे, गाडी दोनदा धुतली. २६, मी नाही. सरळ.

तेविताचं काहीच जुळत नाही. ब्रॉनविनचंही नाही.

पुन्हा पहिल्यापासून वाचली.

शुक्रवार, २१ मार्च

डबा होता. असणारच.

स्मोकोला गेलो नाही. सगळे पांगल्यावर नोलीनच्या खिडकीशी उभा राहिलो. काय काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं. प्रत्यक्षात डब्यावर बोट ठेवलं, तेवढंच जमलं.

"पाच वर्षं झाली, ग्लेन," नोलीन म्हणाली. "तुला कळलं नाही याचंच आम्हाला नवल. तू तर त्याला गोंदाने चिकटवलंस."

मी म्हटलं, माझ्या मागे हसत होता तुम्ही.

"कधी कधी. खोटं कशाला बोलू? पण मर्व होता तेव्हा त्याने दोनदा कागद तयार केला होता तुला काढायचा. तेविता त्याच्या टेबलासमोर जाऊन बसला, कागद फाडेपर्यंत उठणार नाही म्हणाला. आम्हाला तू नको नव्हतास. तुझे सोमवार नको होते."

माश्या हाकलल्या थोडा वेळ. मग एक गोष्ट डोक्यात आली, ती विचारली. मी पोचतो सात दहाला. बुटका त्याआधीच वळलेला असतो. तुला सातला कसं कळतं?

नोलीनने फोनकडे बघितलं, टेबलावरच्या.

७.०५. वहीत लिहून ठेवलं आहे मी. रोजचा फोन, लक्ष ठेवायला हवं.

शनिवार, २२ मार्च

जॅनिसला विचारलं. ती वाटाणे सोलत होती, सोलतच राहिली.

म्हणाली, "हो, मीच करते. कोठारावरची नोकरी गेली तेव्हा मी गप्प बसले. कारखान्यातली गेली तेव्हाही गप्प बसले. इथे लागलास तेव्हा पहिल्याच आठवड्यात नोलीनला फोन केला. म्हटलं, मी तुला रोज सकाळी सांगेन आज कसा निघालाय, तू फक्त सांभाळून घे. बुटका तिच्या डोक्यातून आला. माझ्याकडे फक्त फोन होता."

मी म्हटलं, आणि घरात? घरात कोण सांभाळतं?

वाटाणे संपले होते. तिने ताटली बाजूला सरकवली आणि हात पुसले. मी पुन्हा विचारलं नाही. फार लाज वाटली. हे इथे लिहून ठेवतो, कारण उद्या मी म्हणेन की तसं काही वाटलं नव्हतं.

रविवार, २३ मार्च

काही नाही. गाडी धुतली नाही.

संकल्प करणार होतो. पान समोर घेतलं, एक ते दहा आकडे घातले. मग वहीतले मागचे उपाय वाचले आणि पान फाडलं. ब्रॉनविनला सांगायचं, मगरीचं मॅग्नेट राहू दे.

सोमवार, २४ मार्च. सकाळी ६.५८

झोप नाही. चारपासून गॅरेजमध्ये. स्क्रू पुन्हा सगळे एकत्र केले, उगाच.

सुपरवायझर म्हणून नोलीनचा आज पहिला दिवस. आजारी आहे म्हणून कळवावं असं दोनदा मनात आलं. तिसऱ्यांदाही. पावाचा टोस्ट जरा करपला तर तो अख्खा टोस्टर उचलून बाहेर टाकावासा वाटला. टाकला नाही. पण आजचा दिवस कसा जाणार ते मला कळलं आहे, आणि जॅनिसलाही. ती दाराशी उभी, फोन हातात, नंबर अजून लावलेला नाही.

मी हात पुढे केला. तिने फोन दिला.

म्हटलं, "नोलीन, मी बोलतोय. आज डबा घाल."

ती म्हणाली, "बरं. ये तू."

त्याच दिवशी, ७.१८. गाडीत

७.०८ ला फाटकाशी पोचलो. बुटक्याच्या डोक्यावर डबा. तेविता लोडरवर, गाणं खणखणीत चाललेलं.

आत गेलो की थांबेल, म्हणून इंजिन बंद करून इथेच बसलो. ७.१० झाले. त्याने वजनकाट्याकडे बघितलं, डबा बघितला, मग माझ्या गाडीकडे बघितलं. मला हात केला आणि पुढचं कडवं म्हणायला लागला.